एकशे चाळीस मेल, तीन उत्तरं

वसमत तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. २०२२ साली नांदेडच्या विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. झाली, विषय रब्बी ज्वारीवरचा पाण्याचा ताण. तेव्हापासून एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात. लेकरू तीन वर्षांचं, मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. परदेशात शास्त्रज्ञ म्हणून काम मिळावं म्हणून वर्षभरात एकशे चाळीस प्राध्यापकांना मेल टाकले. तीन उत्तरं आली, तिन्ही 'सध्या जागा नाही' अशी. आता संभाजीनगरचा एक एजंट दीड लाखात जर्मनीचा 'सायंटिस्ट व्हिसा' करून देतो म्हणतोय. त्यांचं म्हणणं: सर, माझं कुठं चुकतंय, आणि याला पैसे द्यावेत का?

एजंटाचं आधी उरकतो. ताई, एक रुपया देऊ नका. संशोधकाचा व्हिसा निघतो तो तिकडच्या संस्थेच्या नेमणुकीच्या कागदावर. जर्मनीत त्यासाठी संस्था तुमच्याशी करार करते, तो करार तुम्ही व्हिसाच्या अर्जाला जोडता. हा कागद एजंटाला तयार करता येत नाही, आणि एकदा तो तुमच्या हातात आला की एजंटाची गरज उरत नाही. अर्ज भरायला, मुलाखतीला, फेलोशिपला कुठलीही नावाजलेली संस्था उमेदवाराकडून पैसे घेत नाही. जीमेलच्या पत्त्यावरून 'ऑफर लेटर' आलं आणि खाली 'प्रोसेसिंग फी' दिसली, की ते पत्र तिथंच पुसून टाका.

आता मेलचं. तुम्ही नमुन्याला जोडलेला मेल मी दोनदा वाचला. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम, मायसेल्फ डॉक्टर अमुक' इथून सुरुवात. मग 'युवर एस्टीम्ड लॅबोरेटरी', मग 'हायली मोटिव्हेटेड', आणि खाली अकरा पानांचा बायोडाटा. त्यात वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, दहावीचे टक्के, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, आणि शेवटी 'वरील माहिती सत्य आहे' असं सहीनिशी प्रतिज्ञापत्र. हा बायोडाटा इथल्या निवड समितीसाठी बरोबर आहे. तिकडच्या माणसाला त्यात तुमचं काम शोधावं लागतं, आणि तो शोधत बसत नाही. पण खरी अडचण त्याच्याही अलीकडची आहे. या मेलमधलं प्राध्यापकाचं नाव बदललं की तो जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला चालतो. तुम्ही तसाच चालवलाही.

मी परभणीचा. आयुष्य ज्वारीतच गेलं. पहिली नोकरी शोधताना मीही असेच मेल पाठवले होते, त्या वेळी सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून. जर्मनीत गेल्यावर आमच्या गटप्रमुखाच्या खुर्चीशेजारी बसून त्यांची मेलपेटी बघितली तेव्हा उमगलं. आठवड्याला असे तीस-चाळीस मेल. 'डिअर सर' दिसलं की बाई ते न उघडता पुसायच्या. हो, बाई होत्या.

'शास्त्रज्ञ पाहिजे' अशी जागा फारशी नसते. असतो एक मंजूर झालेला प्रकल्प, त्यात दोन-तीन वर्षांच्या एका पगाराची तरतूद, आणि प्रस्तावात लिहून दिलेलं एक काम जे कुणीतरी करून द्यायचंय. पीएच.डी.नंतरच्या या मुदतीच्या नोकरीला पोस्टडॉक म्हणतात. जाहिरात या सगळ्याच्या शेवटी निघते, आणि पुष्कळदा तोवर प्रमुखाच्या डोक्यात एक-दोन नावं असतात. म्हणून नुसत्या जाहिरातींच्या मागं लागू नका. पैसा कुणाला आणि कशासाठी मंजूर झालाय, ते बघा. हे गुपित नाही, सगळं उघड्यावर आहे. युरोपीय संघाचे प्रकल्प 'कॉर्डिस' या संकेतस्थळावर दिसतात, जर्मनीचे 'गेप्रिस'वर, ब्रिटनचे 'गेटवे टू रिसर्च'वर. अमेरिकेत आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या एनआयएचचं 'रिपोर्टर' आहे आणि विज्ञानाला पैसा देणाऱ्या एनएसएफची स्वतःची यादी आहे. तिथं 'सॉरघम', 'ड्रॉट', 'रूट' असे शब्द टाका, सुरू होण्याची तारीख बघा. नुकताच सुरू झालेला किंवा येत्या काही महिन्यांत सुरू होणारा प्रकल्प तुमच्या कामाचा. दोन वर्षं होऊन गेली असतील तर माणसं भरलेली असतात. जाहिराती बघायच्याच असतील तर युरोपसाठी 'युरॅक्सेस' बघा. तेवढं आठवड्यातून एकदा पुरे.

तुमचं शेत माझ्या माहितीतलं असल्यानं पुढचं जरा सविस्तर सांगतो.

तुमच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण वाचलं. तीन रब्बी हंगाम, मालदांडीसह सहा वाण, काळी जमीन, पेरणीनंतर पाणी नाही, सगळं पीक साठलेल्या ओलीवर. पानांचं तापमान घेतलंय, मातीची ओल नव्वद सेंटिमीटर खोलीपर्यंत मोजलीय. पहिल्या दोन हंगामांत फुलोऱ्यानंतरही पानं हिरवी राहणाऱ्या वाणांनी दाणा चांगला भरला, म्हणजे पुस्तकात सांगितलंय तसंच. तिसऱ्या हंगामात उथळ जमिनीच्या तुकड्यात उलटं झालं. पानं हिरवी राहिली आणि दाणा पोचट. त्यावर तुम्ही दीड ओळ लिहिलीत, 'हवामानातील चढउतारामुळे असे झाले असावे', आणि पुढच्या तक्त्यावर गेलात.

ताई, त्या दीड ओळीला नोकरी मिळते.

ज्वारीचा जनुकसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हिरवेपणा टिकण्याच्या गुणावर ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत बरंच काम झालंय. पण युरोपातले पुष्कळ गट हा ताण काचघरातल्या कुंडीत निर्माण करतात. कुंडीतली माती आपल्या शेतासारखी भेगाळत नाही. आपल्याकडं जानेवारीत शेतात चाललं तर भेगेत पाय जातो, त्या भेगांनी मुळं तुटतात, म्हणून आपली माणसं भेगा बुजवायला उशिराची कोळपणी करतात. हे त्यांना वाचून माहीत असेल किंवा नसेलही. तुम्ही त्या भेगेशेजारी तीन वर्षं ओल मोजलीय. त्यांच्याकडं मुळांची चित्रं घेणारी यंत्रं आहेत, तुमच्याकडं ते यंत्र कुठं लावायचं याचा प्रश्न आहे.

मग मेल कसा व्हावा? इंग्रजीत तुम्ही तुमच्या शब्दांत लिहा, मी मजकूर सांगतो. पहिलं वाक्य त्यांच्या एका लेखाबद्दल, नेमकं: अमुक आकृतीत तुमच्या कुंड्यांमध्ये हिरवेपणा आणि दाण्याचं वजन बरोबरीनं वाढलेलं दिसतं. दुसरं: मी मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत तीन हंगाम हेच मोजलं, दोनदा तुमच्यासारखं दिसलं, तिसऱ्यांदा उथळ जमिनीत उलटं. तिसरं: मला वाटतं फरक मुळांच्या खोलीचा आहे, पण ते तपासायची सोय माझ्याकडं नव्हती, तुमच्याकडं आहे. चौथं: तुमचा अमुक प्रकल्प या वर्षी सुरू होतोय, त्यातल्या शेतावरच्या मोजणीला माझा उपयोग होईल का, किंवा आपण मिळून एखाद्या फेलोशिपला अर्ज करू शकू का? सोबत दोन पानांचा बायोडाटा आणि त्या तिसऱ्या हंगामाची एकच आकृती. झालं. मोबाईलच्या पडद्यावर न सरकवता वाचता आला पाहिजे. 'सर/मॅडम' नको, 'डिअर डॉक्टर' आणि आडनाव. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा. असे बारा मेल लिहायला महिना जाईल. जाऊ द्या.

या सगळ्यात घाई कशाची असेल तर ती घड्याळाची, आणि आपल्या भागातली पोरं इथंच मार खातात. पीएच.डी. झाली की जागा निघेल या आशेवर माणूस तासिकेवर लागतो. यंदा भरती, पुढच्या वर्षी भरती म्हणत चार-पाच वर्षं कशी गेली कळत नाही. तिकडच्या फेलोशिपा मात्र पीएच.डी.च्या तारखेपासून दिवस मोजतात. युरोपातल्या एम्बो या जीवशास्त्राच्या संघटनेच्या पोस्टडॉक फेलोशिपला दोन वर्षांची अट आहे. भारत त्या संघटनेचा सहयोगी सदस्य असल्यानं आपल्याला ती खुली होती, पण तुमची गाडी सुटली. जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनची पोस्टडॉक फेलोशिप चार वर्षांच्या आत, जपानची जेएसपीएस फेलोशिप सहा वर्षांच्या आत. युरोपीय संघाची मेरी क्युरी फेलोशिप आठ वर्षांच्या आत. तिच्यात संशोधनाबाहेर गेलेला काळ आणि बाळंतपणाची रजा वजा करता येते, त्यामुळं तुमच्याकडं तिथं निवांत वेळ आहे. प्रबंधाची तोंडी परीक्षा आणि विद्यापीठाची अधिसूचना, दोन्ही कागद काढून तारखा बघा आणि हुम्बोल्टचे किती महिने उरलेत ते आजच मोजा.

हुम्बोल्टला देशनिहाय कोटा नाही. पण यजमान प्राध्यापकाचं संमतिपत्र आणि सविस्तर मत लागतं. मेरी क्युरीची मुदत साधारण सप्टेंबरात असते. तिचा मुख्य प्रस्ताव दहा पानांचा, आणि तो यजमानासोबत बसून लिहायचा असतो. शंभरपैकी पन्नास गुण विज्ञानाला, तीस परिणामाला, वीस अंमलबजावणीला. आपली पोरं विज्ञानावर आठ पानं लिहून बाकीचं दोन पानांत कोंबतात आणि तिथंच पडतात. आणखी एक अट: आधीच्या तीन वर्षांत त्या देशात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. तुम्ही कधी गेलाच नाहीत, तेव्हा ही तुमच्या फायद्याची. मार्चमध्ये यजमान पक्का झाला तर सप्टेंबर गाठता येतो. जुलैत मेल टाकून काही होत नाही.

लेखांबद्दल कडू बोलावं लागेल. तुमच्या यादीत चौदा लेख आहेत. त्यातले नऊ पैसे भरून आठवड्यात छापून मिळणाऱ्या मासिकांतले किंवा कॉलेजच्या परिषदेच्या आयएसबीएन असलेल्या पुस्तकातले. तुमचा दोष नाही, आपल्याकडं वर्षानुवर्षं ते मोजलं गेलं. यूजीसीनं मान्य मासिकांची केअर यादीसुद्धा २०२५ मध्ये बंद केली. पण तिकडं हे नऊ लेख उरलेल्या पाचांची किंमत कमी करतात, वाचणारा दोन नावं ओळखून उरलेल्यांवरही शंका घेतो. नऊच्या नऊ काढा. पाच ठेवा, आणि तिसऱ्या हंगामाचा लेख लिहून 'बायोआर्काइव्ह' या संकेतस्थळावर प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीची प्रत, म्हणून टाका. पैसे लागत नाहीत, आणि मेलमध्ये द्यायला दुवा मिळतो.

शिफारसपत्रांचं तर विचारूच नका. 'तूच लिहून आण, मी सही करतो' हे आपल्या सगळ्यांचं चालत आलेलं. तिघांची पत्रं एकाच हातानं लिहिलेली असली की दुसऱ्या परिच्छेदात कळतं. तुमच्या गाइड सरांना भेटायला जाल तेव्हा एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: कुठल्या उन्हाळ्यात कुठलं यंत्र बिघडलं आणि तुम्ही काय केलं, कुठली मोजणी तुम्ही स्वतः सुचवली, अशा. 'सर, या आठवून तुमच्या भाषेत लिहा' म्हणा. आणि सरांना विद्यापीठाचा मेल पत्ता वापरायला लावा. बऱ्याच अर्जांत पत्र तुम्ही चढवायचं नसतं, दुवा थेट सरांना जातो, तो जीमेलच्या स्पॅममध्ये पडतो आणि मुदत संपते. माझ्या एका विद्यार्थ्याची फेलोशिप अशी गेली. मुदतीच्या आदल्या दिवशी सर लग्नाला लातूरला होते. आता मी पोरांना सांगतो, त्या दिवशी सरांच्या शेजारी बसा, चहा पाजा, दुवा उघडून द्या.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही, ती नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. तिकडचा कारकून शेवटचा शब्द आडनाव धरतो. मला पहिले सहा महिने सगळे 'डॉक्टर भगवानराव' म्हणत होते. वडिलांना ते कळलं तेव्हा ते फार खूश झाले, पण पगाराच्या खात्यावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं, त्यात माझा पहिला पगार तीन आठवडे अडकला. तुमचं आणखी अवघड, लेख माहेरच्या नावानं आणि पासपोर्ट सासरच्या. लेखांवरचं नाव बदलू नका. 'ऑर्किड' हा संशोधकाच्या ओळखीचा क्रमांक फुकट मिळतो, त्याखाली दोन्ही नावं जोडा. विवाह नोंदणीच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर आत्ताच करून घ्या. जन्माचा दाखला नसेल, आणि गुरुजींनी शाळेत १ जून लावून दिला असेल, तर तोही प्रश्न आजच सोडवा. (आमच्या प्रयोगशाळेत आम्ही तिघं भारतीय होतो, तिघांचा वाढदिवस १ जून. केक एकच आणला जायचा.)

मुलाखत ऑनलाइन होते. आधी तुमचं तीस-चाळीस मिनिटांचं भाषण, मग प्रश्न. गावात लाइटीचा भरवसा नाही, तेव्हा त्या दिवशी नांदेडला जा, इन्व्हर्टर असलेल्या घरी बसा, मोबाईलचं नेट जोडीला ठेवा. एक प्रश्न हमखास येतो: तुमचं काय फसलं? आपली पोरं म्हणतात, काहीच नाही, सगळं छान झालं. समोरचा माणूस तिथं वही मिटतो. तुम्ही तिसरा हंगाम सांगा. आणि शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हटलं की पगार विचारायला लाजू नका, करार किती महिन्यांचा आणि पुढं वाढतो का तेही विचारा.

देशांचं थोडक्यात. जर्मनीत पोस्टडॉकचा पगार साधारण टीव्ही-एल १३ या सरकारी श्रेणीत बसतो. कराराचा आकडा ढोबळ असतो, कर आणि विमा जाऊन हातात बराच कमी येतो. रुपयात गुणाकार करण्याआधी निव्वळ रक्कम काढा. संशोधकाच्या जोडीदाराला तिथं काम करता येतं आणि व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही. ब्रिटनमध्ये काही विषयांना एटास नावाची वेगळी परवानगी लागते, आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, लेकराला कमी, आणि तो बहुधा पूर्ण मुदतीचा आधीच भरायचा. संस्था तो देते का, विचारा. अमेरिकेत पोस्टडॉक बहुतेक जे-१ व्हिसावर जातात. त्यातली दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट पूर्वी अमेरिकी सरकारच्या कौशल्य यादीमुळं अनेक भारतीयांना लागायची, त्या यादीतून डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव निघालं. सरकारी पैशावर गेलेल्यांना मात्र ती अजून लागू शकते. पण २०२५ मध्ये तिथल्या संशोधनाच्या पैशाला कात्री लागली आणि बऱ्याच विद्यापीठांनी भरती गोठवली, म्हणून मी तुम्हाला आधी जर्मनी आणि ऑस्ट्रेलिया बघा म्हणेन. जर्मनीच्या व्हिसासाठी महाराष्ट्राला मुंबईचा वाणिज्य दूतावास आहे. नांदेडहून हैदराबाद जवळ पडलं तरी उपयोग नाही, देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट काढा.

पैशाचं मिस्टरांसोबत बसून बघा. जर्मनीत पगार महिनाअखेरीस होतो, घराची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी मागता येते, आणि तिकीट, विमा, पहिलं राशन वेगळं. माझ्या हिशोबानं चार लाख हातात असावेत. एजंटासाठी काढलेले दीड लाख त्यात टाका. पहिले चार-सहा महिने तुम्ही एकट्या जा, घर आणि लेकराच्या पाळणाघराची जागा ठरली की बाकीच्यांना न्या. मोठ्या शहरांत पाळणाघराची रांग लांब असते. मिस्टरांनी बिनपगारी रजेची मंजुरी लेखी हातात आल्याशिवाय शाळा सोडू नये. तुमचा करार दोन-तीन वर्षांचा असेल, त्यांची नोकरी कायमची आहे.

आणि जाताना बॅगेत बियाणं घालू नका. माझ्या आईनं पिठाच्या पिशवीत मालदांडीचं पायलीभर बी दडवून दिलं होतं, 'तिकडं लावून बघ' म्हणून. मला ते मुंबईला विमानतळावर सापडलं आणि तिथंच सोडून द्यावं लागलं. पेरायचं बी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय युरोपात नेता येत नाही, आणि जैविक विविधता कायदा, २००२ आल्यापासून आपलं वाण संशोधनासाठी बाहेर द्यायलाही परवानगीची रीतसर वाट आहे. तुमच्या यजमानाला मालदांडी लागली तर हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेची जनुकपेढी आहे, ज्वारीचे हजारो नमुने तिथं आहेत, आणि त्या ठरलेल्या करारावर देतात. मेलमध्ये हेही एका वाक्यात लिहा, समोरच्याचा एक महिना वाचेल. पहिल्या चार मेलचे मसुदे मला पाठवा. पीडीएफ नको, वर्डमध्ये, म्हणजे खोडता येतं.